देमास गेला, मार्क परतला

श्रोतेहो, नमस्कार.

आपला सहकारी तीमथ्य याला दुसरं पत्र लिहिताना प्रेषित पौल कैदेत होता. आपला शेवट जवळ आलाय, हे त्याला कळून चुकलं होतं. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, दहाव्या वचनात तो सांगतो की देमास मला सोडून गेला, त्याला हे जग प्रिय वाटलं. लगेच पुढच्या वचनात निरोप आहे: येताना मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.

देमास काही नवखा नव्हता. फिलेमोनाच्या पत्रात पौल त्याला मार्क, अरिस्तार्ख आणि लूक यांच्या बरोबरीने आपला सहकारी म्हणतो. मार्क मात्र पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याबरोबरच्या पहिल्याच सुवार्ता-प्रवासात पिर्गा या नगरातून माघारी यरुशलेमला गेला होता. त्याला पुन्हा बरोबर न्यायचं की नाही, यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतकं बिनसलं, की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. देमास आणि मार्क यांतला कोण टिकेल असं तेव्हा कोणाला विचारलं असतं, तर मार्काचं नाव क्वचितच कोणी घेतलं असतं.

तो सावरला कसा, हे शास्त्र सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतं, की बर्णबा मार्काला घेऊन तारवात बसून कुप्राला, म्हणजे सायप्रस बेटावर गेला. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. पौलाने नाकारलेल्या माणसाला बर्णबाने पुन्हा सेवेत घेतलं. पुढे प्रेषित पेत्र त्याच मार्काला ‘माझा पुत्र’ म्हणतो.

विश्वास सहसा एका दिवसात सुटत नाही. एक रविवार चुकतो. पुढच्या रविवारी जायचं म्हटलं की संकोच वाटतो, लोक काय विचारतील? चौथ्या-पाचव्या रविवारी कोणी विचारतच नाही, आणि ते जास्त लागतं. घरी पवित्र शास्त्र उघडलं तरी शब्द कोरडे वाटतात, प्रार्थना दोन वाक्यांत आटोपते. माणसाला वाटतं, संपलं सगळं. तसं नसतं. 88 वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, आणि त्या स्तोत्रकर्त्याने रात्रंदिवस देवाला हाक मारणं सोडलेलं नाही. मन भरून आलं नाही तरी प्रार्थना करावी. देव तीही ऐकतो.

पण असा काळ एकट्याने काढणं फार जड जातं. इब्री लोकांस पत्र लिहिणारा एकत्र जमणं सोडू नका असं बजावतो, ते उगाच नाही.

तुमच्या मंडळीत सध्या कोणाची जागा रिकामी दिसते? त्यांच्या घरी जा. का येत नाही, असं विचारू नका. बसा, त्यांचं ऐकून घ्या, आणि येत्या रविवारी उपासनेला निघताना त्यांच्या घरावरून जा. तुम्ही स्वतःच दूर राहिला असाल, तर मन तयार होईपर्यंत थांबू नका. ज्याच्याशी मोकळं बोलता येईल अशा एका विश्वासणाऱ्याला आजच फोन करा.