लेन्सच्या डबीतलं पाणी

नमस्कार श्रोतेहो. मी डोळ्यांची डॉक्टर आहे, परळ भागात काम करते. आज मी एका एवढ्याशा डबीबद्दल बोलणार आहे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ती असते. दोन खणांची, प्लॅस्टिकची, बहुधा बेसिनच्या कडेला ठेवलेली.

मागच्या पावसाळ्यात डोंबिवलीची एक मुलगी माझ्याकडे आली. वय 25. ट्यूबलाइटचा उजेडही सहन होत नव्हता म्हणून ओढणी पार नाकापर्यंत ओढून बसली होती. आई शेजारी. डोळा तीन आठवडे ठणकत होता. आधी वाटलं डोळे आलेत, म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. मग एका ठिकाणी हर्पिस, म्हणजे विषाणूचा संसर्ग, समजून औषध सुरू झालं, सोबत स्टेरॉइडचे थेंब. दोन दिवस बरं वाटलं आणि मग दुखणं दुपटीनं उसळलं. मी तपासलं, तर लाली बेताचीच होती, पण वेदना मात्र विलक्षण. बुबुळावर जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, पारपटल, त्यावर पुसट पांढरी कडी दिसत होती.

मी विचारलं, "लेन्स कशा धुतेस?"

"सोल्यूशननं, मॅडम. फक्त डबी नळाखाली विसळते. पाणी स्वच्छच आहे आमचं, आम्ही तेच पितो."

ती खोटं बोलत नव्हती. नळाचं पाणी गाळून, क्लोरिन घालून आपल्यापर्यंत येतं आणि ते पिण्यासाठी ठीक असतं. पण पोटाला चालणारं पाणी डोळ्याला चालेलच असं नाही.

शाळेत आपण सगळ्यांनी वहीत अमीबाची आकृती काढलेली आहे. वेडावाकडा आकार, मध्ये केंद्रक, बाजूला छद्मपाद. त्याच कुळातला एक म्हणजे अकँथामीबा. याला जगायला माणूस लागत नाही. माती, धूळ, तळी, विहिरी, गच्चीवरच्या टाकीच्या भिंतीला धरलेला बुळबुळीत थर, जिथे खायला जिवाणू मिळतील तिथे तो सुखानं राहतो. म्हणूनच याला मुक्तजीवी म्हणतात. आमांश करणारा अमीबा वेगळा, तो आतड्यात राहणारा. पाणी सुकलं, अन्न संपलं, क्लोरिन आलं, की अकँथामीबा स्वतःभोवती दुहेरी भिंतीचं कवच करून घेतो आणि महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. नळाच्या पाण्यात असतं तेवढं क्लोरिन त्या कवचाला पुरं पडत नाही.

तो पोटात गेला तर काही करत नाही. डोळ्यावर सहसा पाण्याचा शिंतोडा उडाला तरी काही होत नाही. पण लेन्समुळे पारपटलावर बारीक ओरखडे पडतात, लेन्सला तो चिकटून राहतो आणि डबीतल्या चिकट थरात त्याच्यासाठी जिवाणूंचं जेवण तयार असतं. मग तो पारपटलात शिरतो आणि तिथल्या मज्जातंतूंच्या कडेकडेनं सरकतो. ठणका एवढा असतो तो म्हणूनच.

आम्ही तिचं पारपटल हलक्या हातानं खरवडलं. काही नमुना सूक्ष्मदर्शकाखाली गेला, उरलेला एका बशीत. या बशीतल्या जेलीत मुद्दाम काहीही पोषण ठेवलेलं नसतं, वर फक्त जिवाणूंचा पातळ थर पसरतात. दोन दिवसांनी बशी पाहिली, तर त्या थरातून वाटा निघाल्या होत्या. ओल्या वाळूवर गोगलगाय चालत जावी तशा. अमीबा खात खात पुढे गेले होते. तिची लेन्सची डबीही मी मागवून घेतली होती. डबीच्या बशीतही त्याच वाटा.

उपचार फार चिवटपणे करावे लागतात. यासाठी वापरतात ते पीएचएमबी नावाचं औषध मुळात जलतरण तलावांच्या निर्जंतुकीकरणासाठीही वापरलं जातं. त्याचे अगदी सौम्य, 0.02 टक्क्यांचे थेंब पहिले दोन दिवस दर तासाला घालायचे, रात्रीसुद्धा. तिच्या आईनं मोबाइलवर चोवीस गजर लावले होते. नंतर हळूहळू कमी, पण कित्येक महिने. दुखणं थांबलं म्हणून थेंब बंद केले, तर कवचातला अमीबा पुन्हा जागा होतो.

म्हणून लेन्स वापरणाऱ्यांना कळकळीनं सांगते. डबी नळाखाली धरू नका, सोल्यूशननंच विसळा, पुसून उघडी पालथी वाळवा, तीन महिन्यांच्या आत बदला. कालच्या सोल्यूशनमध्ये आजचं ओतू नका. लेन्स घालून अंघोळ नको, पोहणं तर नकोच. आणि लेन्स घालणाऱ्याचा डोळा दुखू लागला, तर मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणू नका.

लेन्स न वापरणाऱ्यांनीही ऐकावं. आपल्या देशात या आजाराचे बहुतेक रुग्ण लेन्स कधीच न घातलेले असतात. शेतात भाताचं पातं लागतं, डोळ्यात चिखल उडतो, आणि तो घरच्या तांब्यातल्या पाण्यानं धुतला जातो. डोळा त्यानंतर दुखत राहिला, तर डॉक्टरांना चिखलाचं आवर्जून सांगा.

आता नाकाविषयी थोडं. याचाच एक दूरचा भाऊबंद आहे, नेग्लेरिया फाउलेरी. 1965 साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथे फाउलर आणि कार्टर यांनी त्याच्यामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचं वर्णन केलं. कोमट, गोड्या पाण्यात तो वाढतो, नाकात वरपर्यंत पाणी गेलं तर वासाच्या मज्जातंतूवरून थेट मेंदूत पोहोचतो. प्यायलेल्या पाण्यातून हा मेंदूज्वर होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. फार दुर्मीळ, पण शंभरातले सत्त्याण्णव दगावतात. केरळात 2024 मध्ये एक शाळकरी मुलगा वाचला, कारण निदान लगेच झालं आणि मिल्टेफोसिन मिळालं. हे आपल्याकडे काळा आजारासाठी वापरलं जाणारं औषध. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात 2011 मध्ये दोघे गेले, ते नळाच्या पाण्यानं नाक धुतल्यामुळे. आपल्याकडे जलनेती करणारे पुष्कळ आहेत. जरूर करा, पण पाणी खळखळ उकळून थंड केलेलंच घ्या. गाळलेलं किंवा फिल्टरचं आहे, एवढ्यावर भागवू नका. आणि तलावात डुंबून आल्यावर आठवड्याभरात ताप, उलट्या, प्रचंड डोकेदुखी, मान आखडणं असं काही झालं, तर पोहल्याचं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

ती मुलगी गेल्या महिन्यात तपासणीला आली होती. ओढणी खांद्यावर होती. पारपटलावर एक फिकट फूल राहिलं आहे, ते आता जाणार नाही. चष्मा लावून, उजवा डोळा हातानं झाकून, तिनं समोरच्या तक्त्यावरची चौथी ओळ वाचली. पाचवीला थोडी अडखळली. मग आईकडे पाहून म्हणाली, "परत एकदा वाचू?"

नमस्कार.