मानमोडीची मोजणी

कोंबडीच्या पंखाच्या आतल्या बाजूची दोन-चार पिसे बाजूला केली की कातडीखाली निळसर शीर उठून दिसते. सर्वेक्षणाला आलेला पशुवैद्य तिच्यात बारीक सुई घालून थोडे रक्त काढतो आणि नळी तिरकी ठेवून ते गोठू देतो, कारण त्याला हवे असते ते गोठलेल्या रक्तातून सुटणारे पिवळसर रक्तजल. पोल्ट्रीच्या शेडमध्ये हे काम दिवसभरात केव्हाही उरकता येते. गावठी कोंबडीसाठी मात्र भल्या पहाटे जावे लागते. एकदा डालगे उचलले आणि कोंबड्या उकिरड्यावर पांगल्या की दिवस मावळेपर्यंत त्या कोणाच्या हाती लागत नाहीत.

ज्या रोगाचा माग या रक्तातून काढायचा आहे तो १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ ओळखला गेला. पुढच्याच वर्षी तो कुमाऊंच्या डोंगरातील राणीखेत येथे आढळला, आणि जग ज्याला न्यूकॅसल रोग म्हणते त्याला भारतात राणीखेत हे नाव पडले. महाराष्ट्रातील खेड्यांनी मात्र लक्षण पाहून नाव ठेवले, मानमोडी. (१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही लोक मानमोडीच म्हणत, पण त्या रोगाचा याच्याशी संबंध नाही.) काल दाणे टिपणारी कोंबडी आज पंख पाडून कोपऱ्यात बसते, चोच उघडून श्वास घेते, तिला हिरवी हगवण लागते आणि विषाणू मज्जासंस्थेत पोचला की तिची मान पिळवटते. लस न दिलेल्या कोंबड्यांत तीव्र प्रकारचा विषाणू शिरला, तर काही दिवसांत जवळजवळ सगळे खुराडे रिकामे होऊ शकते.

प्रयोगशाळेत रक्तजल दर पायरीला दुप्पट पातळ करत छोट्या खळग्यांच्या पट्टीत भरले जाते, त्यात मोजून विषाणू घातला जातो आणि शेवटी कोंबडीच्याच तांबड्या रक्तपेशी मिसळल्या जातात. विषाणू मोकळा असेल तर तो पेशींना एकमेकींशी चिकटवतो आणि खळग्यात फिकट तांबडी साय पसरते. रक्तजलातील प्रतिपिंडांनी (विषाणूला अडवण्यासाठी शरीराने बनवलेल्या प्रथिनांनी) त्याला आधीच जखडले असेल, तर पेशी तळाशी गोळा होऊन ठसठशीत ठिपका बनतो आणि पट्टी तिरकी केली की तो अश्रूसारखा ओघळतो. सोळापट किंवा त्याहूनही पातळ केलेल्या रक्तजलात हा ठिपका उमटला, की तो नमुना सामान्यतः सकारात्मक धरतात.

चाचणी इतकी साधी आहे, पण तिच्या आकड्याचा अर्थ लावताना घोटाळा होतो. पोल्ट्रीतील कोंबड्यांना ठरलेल्या वेळापत्रकाने लस मिळते. पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात, पुढे लासोटाचीच मात्रा पिण्याच्या पाण्यातून देतात, आणि अंड्यांसाठी पाळलेल्या तलंगांना आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी ही लस टोचतात, जिचे मूळ कुमाऊंमधल्याच मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत आहे. त्यामुळे शेडमधल्या बहुतेक नमुन्यांत प्रतिपिंडे सापडली, तर त्याचा सरळ अर्थ लस लागू पडली एवढाच होतो; ही चाचणी लसीची प्रतिपिंडे आणि रोगाची प्रतिपिंडे वेगळी काढू शकत नाही. कधीच लस न मिळालेल्या गावठी कोंबडीच्या रक्तात तोच ठिपका उमटला, तर तिची विषाणूशी गाठ पडली आणि ती त्यातून वाचली, हे कळते. दोन्हींची टक्केवारी शेजारी-शेजारी छापून ‘पोल्ट्रीत प्रमाण जास्त’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे लसीलाच रोग समजणे होय.

गावठी कोंबड्यांच्या आकड्यात आणखी एक खोट आहे. रक्त जिवंत कोंबडीचेच घेता येते. साथीत मेलेल्या नमुन्यात येत नाहीत, म्हणजे रोग जितका घातक तितके त्याचे मोजलेले प्रमाण कमी दिसण्याची शक्यता. शेडमध्ये प्रत्यक्ष संसर्ग शोधायचा असेल, तर घशातून आणि गुदद्वारातून फाया फिरवून विषाणूचाच शोध घ्यावा लागतो आणि त्याच्या जनुकीय रचनेवरून तो लसीतला सौम्य की बाहेरचा तीव्र, हे ठरवावे लागते.

ही बाब किरकोळ नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी जवळपास ३२ कोटी परसातले होते, आणि आधीच्या गणनेपेक्षा त्यांची संख्या ४५ टक्क्यांहून अधिक वाढली होती. लस नसते असे नाही; पुण्यात औंध येथे शासकीय संस्था ती तयार करते. अडचण कुपीच्या आकाराची आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, लस शीतपेटीतून आणावी लागते आणि एकदा विरघळवली की थोड्या तासांत संपवावी लागते. दारात आठ-दहा कोंबड्या असणाऱ्या बाईने ती एकटीने आणावी कशी? सगळ्या वाडीच्या कोंबड्या एकाच पहाटे टोचल्या तरच हिशेब जमतो. त्यात मर लागल्याचे दिसताच उरलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात विकण्याची रीत आहे, आणि त्या पाट्यांबरोबर विषाणूही पुढच्या गावात उतरतो.

म्हणून जाणता सर्वेक्षक नळ्यांची पेटी बंद करून लगेच निघत नाही. तो ओट्यावर टेकतो, वही उघडतो आणि घरच्या बाईला विचारतो की गेल्या शिमग्यापासून किती पिल्ले निघाली, किती विकली, घारीने आणि मुंगसाने किती नेली आणि मान मोडून किती गेली. ती बोटांच्या पेरांवर मोजू लागते.