पुण्यात कचरा नेणाऱ्या ताईंना पगार कोण देतं?

नमस्कार मंडळी! पुण्यात सकाळी आपल्या दारावरून कचरा घेऊन जाणाऱ्या ताईंना पगार कोण देतं, असं विचारलं की बहुतेक लोक पटकन सांगतात, महापालिका. शहराच्या मोठ्या भागात हे उत्तर चुकीचं आहे. तिथे ताईंना पगार असा नसतोच. म्हणून आज हा हिशोब जरा नीट समजून घेऊया.

या ताई ‘स्वच्छ’ नावाच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. संस्था कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची. सभासद साडेतीन हजारांहून जास्त, आणि त्यात बायकाच अधिक. 2008 साली या संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला. दारोदार जाऊन कचरा गोळा करायचं काम संस्थेचं, आणि साधनं, जागा, देखरेखीचा खर्च अशी बाजू महापालिकेने सांभाळायची. ताईंची कमाई मात्र दोन ठिकाणांहून येते. घरामागे दर महिन्याला मिळणारं सेवाशुल्क, आणि सुका कचरा निवडून भंगारात विकल्यावर हातात पडणारे पैसे.

दुसरा भाग लक्षात ठेवा, कारण तो तुमच्या ओट्याखालच्या डब्यावर ठरतो.

[स्क्रीनवर: 1993]

त्याआधी थोडं मागे जाऊ. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेली कितीतरी कुटुंबं या कामात आली. बहुतेक दलित समाजातली. रस्त्यावरच्या कचराकुंड्यांत हात घालून कागद, काच, पत्रा वेचायचा. खांद्यावर पोतं दिसलं की चोरीचा संशय घ्यायचा, हे तर ठरलेलंच. 1993 मध्ये बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या साथीने या कष्टकऱ्यांनी संघटना बांधली, ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नव्वदच्या दशकातच महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं त्यांना मिळाली. आपल्याला ते साधं कार्ड वाटेल. पण पहाटे अंधारात रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला पोलिसांनी हटकलं, तर दाखवायला हातात काहीतरी असणं, ही माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सगळ्यात मोठी पायरी आहे. पुढे 2016 च्या घनकचरा नियमांनी देशभरातल्या स्थानिक संस्थांना सांगितलं, कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या. पुण्यात ते आधीच सुरू झालेलं होतं.

आता तुमच्या डब्याकडे येऊ.

समजा तुम्ही वर्तमानपत्र, दुधाची पिशवी आणि पुठ्ठा कोरडा ठेवला. ताई तो वेगळा करतात, विकतात, आणि तो पुन्हा कारखान्यात जातो. त्याच पुठ्ठ्यावर उरलेली आमटी ओतली, तर तो भंगारवाला घेत नाही. ताईंचे पैसे बुडाले, आणि तो पुठ्ठा गाडीत भरून शहराबाहेर निघाला.

कुठे निघाला? हे विचारायलाच हवं. कोथरूडला मेट्रोचा डेपो आहे ना, वनाजजवळ, ती जागा पूर्वी कचरा डेपोची. शहर वाढलं, तिथला कचरा बंद झाला आणि डोंगर उभे राहिले उरुळी देवाची आणि फुरसुंगीत. तिथल्या लोकांनी विहिरींचं पाणी नासताना पाहिलंय, आगीचा धूर सोसलाय, कचऱ्याच्या गाड्या अडवून आंदोलनं केलीत. आज पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो. न निवडलेला प्रत्येक डबा कुणाच्या तरी गावाच्या दिशेने जातो. ताई हाताने निवडून जितकं बाजूला काढतात, तितकं ओझं त्या गावांवरून कमी होतं. पर्यावरण आणि पोटापाण्याचा प्रश्न इथे एकाच ढकलगाडीवर आहे.

[स्क्रीनवर: कागदावर लाल ठिपका]

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण घरात मोठ्याने बोलत नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर. ते सुक्या कचऱ्यात तसेच टाकले, तर निवडणारे हात थेट त्यावर पडतात. दिवसाला कितीतरी घरांचे. ताईंनी हा विषय स्वतः लावून धरला. 2013 मध्ये वापरलेले पॅड थेट बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले! 2016 च्या नियमांत मग आलं की पॅडबरोबर गुंडाळायला पाऊच किंवा वेष्टन कंपनीने द्यावं. आपल्याकडून मागणं एवढंच आहे. जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या. मुलांनाही शिकवा, मुलग्यांनाही.

आता पैशांबद्दल. काही सोसायट्यांत वाद होतो की मिळकतकर भरतो, मग वर हे शुल्क कशाला? शुल्काची तरतूद 2016 च्या नियमांतच आली, आणि हे पैसे दारापर्यंत येणाऱ्या माणसाच्या हातात जातात. मला विचाराल, तर कमिटीने यात घासाघीस करू नये. वस्त्यांमध्ये दर कमी असतो, आणि तरीही तिथली कित्येक कुटुंबं ते नेमाने देतात.

तर उद्यापासून ओला, सुका आणि सॅनिटरी, असे तीन डबे. शुल्क महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पावती घेऊन. आणि तुमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला एक विषय मांडा. ताईंना कचरा निवडायला सावलीची जागा, हात धुवायला पाण्याचा नळ, आणि वापरायला स्वच्छतागृह. तुमच्याकडे हे आहे की नाही, खाली लिहा. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते कसं करून घेतलं हेही सांगा, बाकीच्यांना उपयोग होईल.