मुंबईचं आभाळ, घाटातलं पाणी

नमस्कार श्रोतेहो. शुक्रवारची संध्याकाळ आहे. लोकलमध्ये फोर्थ सीटवर अर्धवट टेकून कुणीतरी आत्ता ग्रुपवर विचारत असेल, 'उद्या कोलाड नक्की ना?' आणि दुसरा खिडकीबाहेर डोकावून कळवत असेल, 'हो रे, पाऊस उघडलाय.' उघडलाय, पण कुठे? दादरला. राफ्ट उतरणार कोलाडच्या कुंडलिका नदीत, आणि तिला दादरच्या आभाळाशी काही देणंघेणं नाही.

गंमत म्हणजे कोलाडचं राफ्टिंग मुळात पावसावर चालतच नाही, ते विजेवर चालतं. वर घाटमाथ्यावर मुळशीचं धरण आहे. मुळा नदी खरं तर पुण्याकडे वाहणारी, पुढे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळणारी. टाटांनी तिला अडवलं आणि तिचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. हे वीजघर 1927 सालचं. या धरणात ज्यांची शेतं जाणार होती, त्यांच्या बाजूने 1921च्या मुळशी सत्याग्रहात उभे राहिले ते सेनापती बापट. दादरला ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज जातो, तेच. राफ्टमध्ये बसताना मला हे दरवेळी आठवतं. तर टर्बाइन फिरवून सुटलेलं हे पाणी कुंडलिकेत येतं, म्हणून ती मे महिन्यातही वाहते, आणि म्हणूनच राफ्टा सकाळी पाणी सुटण्याची वेळ धरून निघतात. झोपून राहिलात, तर नदी काही तुमच्यासाठी थांबत नाही.

पावसाळ्यात मात्र या नदीला दुसरा मालक येतो, तो म्हणजे घाटातला पाऊस. समुद्रावरचा ओला वारा कड्याला थडकतो, वर चढतो, गार होतो आणि तिथेच रिता होतो. कोलाडला ऊन आणि वर ताम्हिणी घाटात धो धो, हे आषाढात नेहमीचंच. तेव्हा हवामान खात्याचा अंदाज बघताना मुंबई सोडा. रायगड बघा, आणि पुण्याचा घाटमाथा बघा, तो वेगळा दिलेला असतो. चोवीस तासांत 115.6 मिलिमीटरच्या पुढे गेला की खातं त्याला 'अति जोरदार' म्हणतं. 'ऑरेंज अलर्टच तर आहे, रेड कुठंय' म्हणणारे मला दर पावसाळ्यात भेटतात. त्यांच्याबरोबर मी जात नाही.

राफ्टवर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून झाले की शेजाऱ्याला सांगा, दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढ. हनुवटीपर्यंत सरकलं, तर ते ढिलं आहे. पाण्यात पडलातच, तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि चवडे पाण्याबाहेर. उभं राहायचा मोह होतो, अगदी कमरेएवढ्या पाण्यातही. पण दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला आडवं करतं. गाईड ओरडून सांगत असतो, आणि आपण त्याच वेळी सेल्फीसाठी हसत असतो.

राफ्टिंगला निदान गाईड तरी असतो. मला जास्त धास्ती वाटते ती ओढ्यांची. धबधब्याखाली भिजायचं, डोहात पाय सोडून बसायचं, तिथे सांगणारं कुणी नसतं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही भिऱ्याच्या बाजूला एका ओढ्याकाठी बसलो होतो. डोक्यावर चक्क ऊन होतं. बरोबरच्या गावातल्या मामांनी आल्या आल्या पाण्याच्या कडेला तीन दगड ओळीने मांडले. आम्हाला वाटलं, चुलीसाठी. थर्मासमधला चहा ओतला, कुणीतरी खारी काढली. मामांचं लक्ष मात्र आमच्याकडे नव्हतंच. पाणी जरासं गढूळ झालं, चहाच्या रंगाचं. मग सुकी पानं, काटक्या वाहत आल्या. मामा म्हणाले, "पोरांनो, दगड मोजा."

दोनच होते.

आम्ही खारी तिथेच टाकली आणि वर चढलो. पायवाटेवर पोहोचून मागे वळलो, तेव्हा आम्ही बसलो होतो तो कातळ दिसत नव्हता.