ॲन्जिओप्लास्टीनंतर रात्री छातीचे ठोके का जाणवतात?

नमस्कार मंडळी. अप्पांची ॲन्जिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी आतून उघडली. चौथ्या दिवशी त्यांना येळ्ळूरला घरी आणलं. रिपोर्ट चांगला होता, जेवणही व्यवस्थित. आणि रात्री दोनला हाक आली, "उठ की, छातीत ठोकालंय बघ!" मी मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. ७२ ठोके, एका लयीत. तरी अप्पा उशीवरनं कान उचलायचे, परत टेकायचे. "इथंच वाजालंय."

ते खरंच सांगत होते. उशीवर कान दाबला की कानाजवळच्या नाडीचा ठोका ऐकू येतो. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं. हे आधीही होतच होतं, पण तेव्हा तिकडे लक्ष नव्हतं. स्टेंट, म्हणजे ॲन्जिओप्लास्टीत बसवलेली जाळीची बारीक नळी, फक्त रक्तवाहिनी उघडी ठेवतो, लय ठरवत नाही. ठोक्याची लय ठरते हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात. पण माणूस घाबरला की ॲड्रेनालिन वाढतं, ठोका जोरात पडतो, मग भीती आणखी वाढते.

"मधेच एक ठोका चुकतो" म्हणतात ना, तेव्हा बहुतेक वेळा एक ठोका वेळेआधी पडलेला असतो. मग हृदय जरा थांबतं, तेवढ्यात ते जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणक्यात बसतो.

ॲब्लेशन, म्हणजे लय बिघडवणारी हृदयातली जागा जाळून किंवा गोठवून बंद करणं, झालं असेल तर गोष्ट वेगळी. पहिले तीनेक महिने लय अधूनमधून बिघडू शकते, ते डॉक्टरांना कळवा. धातूची झडप बसवली असेल तर टिकटिक खरोखरच ऐकू येते.

आता हे नीट ऐका. छातीत दाब, धाप, घाम, भोवळ, किंवा बसल्या जागी नाडी १२०च्या वर जाऊन उतरतच नाही, तर सकाळची वाट बघू नका, १०८ला फोन करा. आणि रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका. बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

मला राग एकाच गोष्टीचा आहे. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, बोलणं घाईत. "घरी गेल्यावर ठोका जाणवेल" एवढं एक वाक्य मराठीत कुणी सांगितलं असतं, तर अप्पांनी दहा-दहा मिनिटांनी ऑक्सिमीटरमध्ये बोट घातलं नसतं. शेवटी तो आईनं कपाटात ठेवला. आता नाडी सकाळ-संध्याकाळ, एकेकदाच, कॅलेंडरवर लिहायची. डॉक्टरांना विचारून राजहंसगडाच्या वाटेवर सपाटीपुरतं चालणंही सुरू केलंय.

परवा रात्री अप्पांना जाग आली होती. "ठोकालंय," म्हणाले, उजव्या कुशीवर वळले आणि झोपले.