काचेच्या आत काय आहे : द्रव मेणबत्ती आणि घरातील फ्लुरोसंट दिव्यांची बदली

पडद्यावर काचेच्या दोन वस्तू दिसत आहेत. डावीकडे जाड काचेची लहान बरणी आहे. तिच्यात पाण्यासारखे नितळ तेल पाऊण उंचीपर्यंत भरलेले आहे आणि पत्र्याच्या झाकणातून बारीक पांढरी वात वर आलेली आहे. उजवीकडे चार फुटी ट्यूबलाइट आहे. तिच्या दोन्ही टोकांना काळे पट्टे धरले आहेत, म्हणजे तिचे दिवस भरत आले आहेत. पहिली वस्तू आज आपण घरी बनवणार आहोत, आणि दुसरी उतरवून तिच्या जागी एलईडी नळी बसवणार आहोत. दोन्ही कामे घरच्या घरी होण्यासारखी आहेत. मात्र हात घालण्यापूर्वी काचेच्या आत काय भरले आहे आणि ते कसे वागते हे नीट समजून घ्यायला हवे, कारण या कामांतील बहुतेक धोके तिथूनच निघतात.

आधी मेणबत्ती पाहू. नेहमीच्या मेणबत्तीतही घन मेण जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, ते वातीच्या तंतूंमधील सूक्ष्म फटींतून केशाकर्षणाने वर चढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. ज्योतीचा पिवळा रंग हा तिच्यातील तापलेल्या कार्बनकणांचा उजेड असतो; हे कण पूर्ण जळाले नाहीत की त्यांचीच काजळी होते. द्रव मेणबत्तीत यातली केवळ वितळण्याची पायरी गळते. मेण आणि द्रव पॅराफिन हे एकाच कुळातले हायड्रोकार्बन आहेत. मेणाच्या रेणूंच्या साखळ्या लांब असल्यामुळे ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहते, तर दिव्याच्या पॅराफिन तेलातील साखळ्या आखूड असल्यामुळे ते पातळ राहते. म्हणूनच या मेणबत्तीची उंची कमी होत नाही, ती ओघळत नाही आणि तेल संपले की तीच बरणी, तेच झाकण आणि तीच वात पुन्हा वापरता येते.

इंधनाची निवड हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याजोगी वाफ ज्या तापमानाला जमू लागते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. दिव्यासाठी शुद्ध केलेल्या पॅराफिन तेलाचा हा अंक सर्वसाधारणपणे 60 अंश सेल्सिअसच्या वर असतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाला बरणीतील तेलावर पेटू शकेल अशी वाफ साचत नाही. रॉकेलचा अंक 40 अंशांच्या आसपास असतो आणि त्याचा वास व काजळी घरात नकोशी होते. पेट्रोलचा अंक तर शून्याच्या खाली सुमारे 40 अंश आहे. म्हणजे थंड हवेतही त्याची वाफ ठिणगीची वाट पाहत असते. पेट्रोल, थिनर, स्पिरिट किंवा कोणतेही अल्कोहोल या बरणीत थेंबभरसुद्धा जाता कामा नये. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे औषधाच्या दुकानातील लिक्विड पॅराफिन आणणे. नाव तेच असले, तरी ते तेल दाट असते, वातीतून नीट चढत नाही आणि ज्योत मिणमिणत विझते.

आता बनवायला घेऊ. बरणी रुंद बुडाची, जाड काचेची आणि तडा नसलेली निवडावी. उंच, निमुळती बाटली दिसायला सुंदर असते, पण ती धक्क्याने कलंडते, आणि पेटत्या तेलाच्या बाबतीत सौंदर्यापेक्षा बैठकीला मान द्यायला हवा. झाकण धातूचेच हवे. त्याच्या मध्यभागी वातीची नळी घट्ट बसेल एवढे छिद्र पाडायचे आहे. त्यासाठी झाकण लाकडी ठोकळ्यावर पालथे ठेवावे, खिळ्याने खूण करावी आणि ड्रिलने भोक करावे. जवळून पाहा: ड्रिल पत्र्यातून आरपार गेले, तिथे कडेला बारीक, धारदार पापुद्रा उभा राहिला आहे. तो गोल कानशीने घासून काढावा, नाहीतर नळी तिरकी बसते आणि बोटही कापते. नळी काचेची, सिरॅमिकची किंवा धातूची असावी. प्लास्टिक किंवा रबर चालत नाही. याच झाकणात कडेला सुईएवढे आणखी एक छिद्र ठेवावे. तेल खर्च होईल तशी बाहेरची हवा आत यायला वाट लागते, आणि बरणी तापल्यावर आतल्या हवेला बाहेर पडायलाही वाट लागते. हे छिद्र राहून गेले तर ज्योत कधी लहान, कधी मोठी होत राहते आणि तेल वातीतून ढकलले जाऊन झाकणावर पाझरते.

वात फायबरग्लासची घेतल्यास ती स्वतः जळत नाही, केवळ तेल वर आणून देते. म्हणून ती दीर्घकाळ टिकते. सुती वातही चालते, पण तिचे टोक कोळपते आणि वरचेवर कातरावे लागते. वात बरणीच्या तळाला टेकेल एवढी लांब ठेवावी, आणि वरच्या बाजूला नळीबाहेर फक्त 2 ते 3 मिलिमीटर काढावी. नरसाळ्याने तेल पाऊण बरणीपर्यंत ओतावे, झाकण लावावे, बाहेर सांडलेला प्रत्येक थेंब कोरड्या फडक्याने पुसावा आणि ते फडके दूर ठेवावे. यानंतर लगेच काडी ओढू नये. वात टोकापर्यंत भिजायला निदान अर्धा तास द्यावा. कोरडी सुती वात पेटवली तर तेलाऐवजी वातच जळते, आणि ती एकदा करपली की तेल नीट ओढत नाही.

पहिल्यांदा पेटवल्यावर काही मिनिटे ज्योतीकडे लक्ष द्यावे. ती स्थिर, पिवळी आणि टोकाला निमुळती असेल तर वातीची उंची योग्य आहे. टोकाशी काळा धूर दिसू लागला, तर वात जास्त वर आली आहे, म्हणजेच मिळणाऱ्या हवेच्या मानाने तेलाची वाफ जास्त होते आहे. अशा वेळी ज्योत विझवावी, नळी थंड होऊ द्यावी आणि चिमट्याने वात एक मिलिमीटर खाली ओढावी. फरक एका मिलिमीटरचा असतो, पण काजळीच्या दृष्टीने तो फार मोठा असतो.

पुन्हा भरण्याचा नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही: ज्योत विझलेली असावी, बरणी हाताला पूर्ण थंड लागावी, मगच झाकण उघडावे. तेल तळाला जाऊन वात कोरडी पडण्याआधीच भरावे, म्हणजे वात वर्षानुवर्षे टिकते. वनस्पती तेल वापरायचे असेल तर बरणीची रचनाच बदलावी लागते, कारण दाट तेल वातीतून दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे सहसा चढत नाही. त्यासाठी उथळ भांडे घेऊन वात तेलावर तरंगती ठेवावी. खाली थोडे पाणी असल्यास तेल संपताच वात पाण्याला टेकून आपोआप विझते, ही तिची खरोखर गुणी बाजू आहे. पॅराफिनच्या बरणीत मात्र पाणी घालू नये.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या तेलात रंग आणि सुगंध घालायची अनेकांना हौस असते, पण रंगीत, सुवासिक तेलाची बरणी लहान मुलाला सरबतासारखी दिसते. पॅराफिन तेल इतके पातळ असते की गिळताना त्याचा छोटासा घोटही फुप्फुसांत उतरू शकतो आणि तिथे गंभीर दाह होतो. मुलाने ते प्यायले तर उलटी मुळीच करवू नये, कारण उलटीत तेच तेल पुन्हा श्वासनलिकेशी येते. तडक रुग्णालय गाठावे. घरात लहान मूल असेल तर तेल रंगवूच नये, आणि बरणी व तेलाचा डबा दोन्ही त्याच्या हाताबाहेर ठेवावेत. पेटलेल्या बरणीखाली उष्णता सोसणारी थाळी आणि पडद्यांपासून निदान हातभर अंतर असावे. सांडलेले तेल पेटलेच तर त्यावर पाणी ओतू नये. ओल्या जाड कापडाने किंवा धातूच्या झाकणाने ते झाकावे.

अशा एका ज्योतीचा उजेड साधारण 12 ल्युमेन भरतो, आणि तेवढ्यासाठी ती सुमारे 70 ते 80 वॅट उष्णता हवेत सोडते. जुन्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बचा उजेड 800 ल्युमेनच्या आसपास असे. आज तो 8 ते 10 वॅटच्या एलईडीतून मिळतो. द्रव मेणबत्ती वीज गेल्यावरच्या तासाभरासाठी किंवा शांत बसण्यासाठी आहे. वाचण्याचा, काम करण्याचा उजेड छतावरच्या दिव्यानेच द्यायचा आहे, आणि म्हणून आता त्या दिव्याकडे वळू.

ट्यूबलाइटच्या नळीत अगदी कमी दाबाखाली आर्गॉनसारखा वायू आणि किंचित पारा असतो. विजेचा प्रवाह पाऱ्याच्या वाफेतून जाताना प्रामुख्याने 254 नॅनोमीटरचे अतिनील किरण बाहेर पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत; काचेच्या आतल्या बाजूचा पांढरा लेप ते शोषून घेतो आणि दिसणारा उजेड देतो. स्टार्टरचे काम पाहण्यासारखे आहे. त्याच्या छोट्या काचेत वायू आणि दोन धातूंची जोडपट्टी असते. बटण दाबताच तिथला वायू उजळतो, पट्टी तापून वाकते आणि संपर्क जुळतो. मग नळीच्या दोन्ही टोकांच्या तारांमधून प्रवाह जाऊन त्या तापतात. संपर्क जुळल्यामुळे वायू विझतो, पट्टी थंड होऊन सुटते, आणि प्रवाह एकाएकी तुटल्यामुळे चोकमध्ये, म्हणजे जोडणीतल्या तारेच्या वेटोळ्यात, विजेच्या उच्च दाबाचा झटका तयार होतो. त्या झटक्याने नळी पेटते. प्रत्येक वेळी तारांवरचा लेप थोडा उडून काचेवर बसतो, आणि सुरुवातीला दिसलेले काळे पट्टे त्याचेच आहेत. सीएफएल म्हणजे हीच नळी वळवून खाली इलेक्ट्रॉनिक चोक बसवलेला दिवा.

अशा नळ्यांचे, म्हणजेच फ्लुरोसंट, दिवे 1938 मध्ये बाजारात आले आणि त्यांनी पुढे कित्येक दशके साध्या बल्बच्या तुलनेत प्रचंड वीज वाचवली, याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवे. निळी एलईडी साधल्यावर पांढऱ्या एलईडीचा मार्ग मोकळा झाला. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एलईडीत पारा लागत नाही. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार 2013 मध्ये स्वीकारला गेला, 2017 मध्ये अमलात आला, आणि 2023 च्या बैठकीत सदस्य देशांनी सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात 2027 पर्यंत थांबवायचे ठरवले. त्यामुळे जुन्या नळ्या साठवून ठेवण्यात आता अर्थ नाही.

सीएफएल बदलणे सोपे आहे. वीज बंद करावी, दिवा थंड होऊ द्यावा आणि तो वेटोळ्याला न धरता खालच्या प्लास्टिकच्या भागाला धरून फिरवावा. पीळ काचेवर आला की ती तडकते. नवा दिवा निवडताना वॅटऐवजी ल्युमेन वाचावेत. पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात साधी एलईडी तापून लवकर निकामी होते, म्हणून तशा ठिकाणी खोक्यावर बंद दिव्यासाठी योग्य असल्याचे लिहिलेलीच घ्यावी.

ट्यूबच्या पट्टीत मात्र नळी बदलली की काम झाले असे नसते. काही एलईडी नळ्या जुना चोक तसाच ठेवून, सोबत मिळणारा खास स्टार्टर लावून चालतात. काहींना चोक आणि स्टार्टर काढून थेट वीज द्यावी लागते. त्यातही काही नळ्यांत दोन्ही तारा एकाच टोकाला येतात आणि दुसरे टोक केवळ आधारासाठी असते. खोक्यावरची आकृती आणि पट्टीतली जोडणी जुळते का, हे आधी पाहावे. चोक काढायचा असेल तर ते काम वायरमनकडूनच करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नळी उतरवण्यापूर्वी भिंतीवरच्या बटणावर विसंबू नये; एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा सुरक्षा-स्विच, पाडावा आणि टेस्टरने खात्री करावी. मग नळी दोन्ही टोकांजवळ धरून पाव फेरा फिरवावी, पिना होल्डरच्या खाचेत उभ्या आल्या की ती सरळ खाली येते. थेट जोडणी केल्यावर पट्टीच्या आत ठळक अक्षरांत लिहून ठेवावे की येथे फक्त एलईडी नळी बसवावी, कारण काही वर्षांनी ही पट्टी कोणी दुसराच उघडेल.

उजेडाच्या रंगासाठी 2700 केल्विन हा उबदार पिवळसर, 4000 मध्यम आणि 6500 निळसर पांढरा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. झोपण्याच्या खोलीत 6500 घेऊ नये.

उतरवताना नळी फुटलीच, तर घाबरण्याचे कारण नाही; आधुनिक सीएफएलमध्ये पारा सहसा 5 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतो, तरीही त्याची वाफ श्वासात जाऊ नये. खिडक्या उघडून सर्वांनी दहा मिनिटे खोलीबाहेर थांबावे, पंखा व एसी बंद ठेवावा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण त्यांनी पारा आणि पांढरी पूड हवेत पसरते. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत, फरशी ओल्या कागदाने पुसावी आणि हे सगळे काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून बंद करावे. शाबूत नळीही घरच्या कचऱ्यात टाकू नये. नवी एलईडी नळी ज्या लांब खोक्यातून आली, त्याच खोक्यात जुनी नळी अलगद सरकवावी, तोंड चिकटपट्टीने बंद करावे, वर पारा असल्याचे लिहावे आणि ती ई-कचरा किंवा घातक कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावी.