ड्रममध्ये चालतं, पाण्यात दमतं

(दृश्य: उमरेड रोडवरचं गॅरेज. लोखंडी स्टँडवर आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बसवायचं इंजिन.)

२५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं हे टू-स्ट्रोक इंजिन कोकणातून सेकंडहँड आलंय. नागपूर जिल्ह्यात, कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला गोसीखुर्द धरणाचं पाणी दूरवर पसरलंय. एवढ्या बॅकवॉटरमध्ये जाळी टाकणाऱ्या ढीवरांचं नुसत्या वल्ह्यांवर भागत नाही. नवं इंजिन परवडत नाही, म्हणून हे.

विकणाऱ्याने ते पाण्याच्या ड्रममध्ये चालवून दाखवलं होतं. आत्ताही बघा, एका दोरीत सुरू झालं. मागून पाण्याची धार जोरात येतेय, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा पंप ठीक आहे. पण ड्रममध्ये इंजिनावर नावेचा भार नसतो. ताकदीची परीक्षा भरल्या नावेतच होते.

(दृश्य: अंभोरा. नाव वेग घेते.)

हँडल पूर्ण पिळलंय. नावेचं तोंड वर आलं... आणि आता आवाज ऐका, उतरतोय.

नाव ढकलणाऱ्या पंख्याच्या मध्यभागी रबरी बुश असतो, तो पंखा दांड्याला धरून ठेवतो. तो सुटला की इंजिन गरगरतं आणि नाव जागची हलत नाही. मिस्त्री म्हणतात, “मंग इंजिन फिरून राह्यते भाऊ, पंखा नाही.” इथे मात्र इंजिनाचाच वेग उतरला, म्हणजे दोष बुशचा नाही.

आता मिस्त्रींचा हात बघा. पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी पंप ते दाबतात. आवाज चढला. दाबणं थांबवलं, की थोड्या वेळात पुन्हा उतरला. फुकटात झालेल्या या एका चाचणीने सांगितलं, की इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. बरेच जण इथेच कार्बोरेटर खोलायला बसतात. जेट साफ होतात, गॅस्केट फाटतं आणि मूळ दोष तसाच राहतो.

(दृश्य: काचेची बाटली, उजेडासमोर.)

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता, म्हणजे हवेअभावी पेट्रोल अडत नव्हतं. टाकीच्या तळातलं पेट्रोल बाटलीत काढलं. खाली साचलेला हा थर पाण्याचा आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल शोषतं, आणि ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं. टाकी धुतली, फिल्टर बदलला. तरी ताकद पडतेच.

मग रबरी पंपापुढे पारदर्शक नळी जोडली. कुठे हवा ओढली जात असती तर इथे बुडबुडे दिसले असते. नळी स्वच्छ आहे.

(दृश्य: गॅरेजचे दिवे बंद. प्लगमधली ठिणगी.)

दोन सिलिंडरचं इंजिन एकावरही चालतं, म्हणून ठिणगी दोन्हीकडे बघायची. दोन्हीकडे निळी, ठसठशीत. सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कम्प्रेशन गेजचे आकडेही जवळजवळ सारखे आले. त्यांत १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असता, तर पेट्रोलचं कितीही काम करून उपयोग नव्हता. हा गेज खरं तर पैसे मोजण्याआधी लावायचा. जुनं इंजिन घेणाऱ्या प्रत्येकाने एवढा हट्ट धरलाच पाहिजे.

राहिला इंजिनावरचा फ्युएल पंप. क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतल्या, दाबाच्या चढउताराने आतला पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल ओढलं जातं. हा पडदा बघा, कडक झालाय. वाकवला की कडेची चीर दिसते. संथ गतीला लागतं तेवढं पेट्रोल तो देत होता, पूर्ण गतीचं त्याला झेपत नव्हतं. भंगारात निघालेलं इंजिन या एवढ्याशा तुकड्यावर अडलं होतं.

(दृश्य: अंभोरा. नाव पूर्ण वेगात.)

पडदा बदलला. जाळी अंधाराआधी काढून होतात. २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलावाच्या पाण्यामुळे नागपूरच्या वस्त्यांमध्ये नावा उतरवाव्या लागल्या होत्या. तशा दिवसासाठीही ही नाव आता तयार आहे.

नावेतल्या डब्यात जादा पडदा, दोन प्लग आणि फिल्टर आहेत. पेट्रोल थोडं आणि ताजं भरायचं, या इंजिनाला लिटरमागे २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल मोजून घालायचं. मिस्त्री ते मापाच्या झाकणाने गावातल्या पोरांकडून करवून घेतायत.